विसाव्याचं बाड

मित्रांनो, मी एक जुनं बाड आहे. बाड म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही. पूर्वी भजनं, पदं, ओव्या ज्या जाड वहीत उतरवून ठेवत, तिला बाड म्हणत. आता माझे पुठ्ठे मऊ पडले आहेत, पाठीचा दोरा सुटला आहे आणि पानांच्या कडांना कसर लागली आहे. पण मला जपून उघडा. माझ्यात दोनशे अकरा माणसांचा निरोप लिहिलेला आहे. त्यातला एक अजून पुरता गाऊन झालेला नाही, असं मला अधूनमधून वाटतं.

माझा जन्म चौसष्ट साली उमरग्याला झाला. बाजाराच्या मागच्या गल्लीत सोमलिंग नावाचा म्हातारा पुस्तकं बांधायला बसे. त्यानं माझी पानं शिवली, खळीत मोरचूद कालवून पुठ्ठे चिकटवले, वर लाल कापड चढवलं आणि आठ दिवस मला दगडाखाली दाबून ठेवलं. मोरचुदामुळे वाळवी लवकर लागत नाही. माझा धनी मला न्यायला आला तेव्हा सोमलिंग म्हणाला, "बुवा, हे बाड तुमच्या मागं राहील बगा. तुमी जाल, मी जाईन, हे न्हाय जायचं."

"जायला कशाला पायजे? जाणाऱ्यांसाठीच तर नेतोय," माझा धनी म्हणाला आणि दोघं हसले.

माझ्या धन्याचं नाव व्यंकट. माकणीपासून दोन कोसांवर, तेरणेच्या काठी त्यांचं गाव होतं. चार एकर कोरडवाहू रान, एक बैल, आणि गळा असा की मैलभर लांब नांगर धरणारा माणूस हात थांबवून ऐकत राही. सगळे त्यांना बुवा म्हणत. बुवा लग्नात गात नसत, बारशाला गात नसत. बुवा गात ते फक्त विसाव्यावर.

आता विसावा म्हणजे काय ते सांगतो. गाव आणि मसणवाटा यांच्या बरोबर मध्ये एक काळा चौकोनी दगड होता. तिरडी तिथवर आली की खाली टेकवत, खांदे बदलत. गावातल्या बायका तिथवर येत आणि तिथूनच मागं फिरत. त्या दगडापाशी निरोपाचं पद म्हटल्याशिवाय तिरडी पुन्हा उचलायची नाही, अशी आमच्या गावची रीत होती. किती पिढ्यांची ते कुणालाच माहीत नव्हतं. बुवांच्या आधी त्यांचे चुलते पदं रचत, त्यांच्या आधी आणखी कुणी.

पदाचं पहिलं कडवं सगळ्यांना सारखंच असे, मग पाटील मरो की पाटलाचा सालगडी:

घडीभर ठेवा । खांद्याचा हा भार ।
पुढे वाट फार । उरलेली ॥

शेवटचं कडवं मात्र ज्याचं त्याचं. त्यात मेलेल्या माणसाचं नाव यायचं आणि त्याच्याबद्दलची एक खरी गोष्ट यायची. स्तुती नव्हे, खरी गोष्ट. त्यात खोटं असलं तर तिरडी जड होते आणि खांदेकऱ्यांना उचलत नाही, असं जुनी माणसं सांगत. तिरडी जड झालेली मी कधी पाहिली नाही. पण त्या भीतीनं माणसं खरं बोलत, आणि खरं बोलायला माणसाला काहीतरी भीती लागतेच.

हरणाबाई सुईण वारली तेव्हा बुवांनी रचलं होतं:

हरणाबाईनं । कापिल्या गा नाळा ।
गाव गोळा झाला । पोचवाया ॥

एवढंच. पण त्या दिवशी खांदा द्यायला आलेला प्रत्येक जण तिच्याच हातांवर जगात आलेला होता. मोठमोठे बाप्ये लेकरांसारखे रडले.

बुवा अक्षरशत्रू होते. ते रचत, आणि मोठ्यानं सांगत. लिहून कुणी दुसरा घेई. विसाव्यावरही तो दुसराच मला दोन्ही तळहातांवर धरून ओळ वाची आणि बुवा ती ओळ उचलून गात, मागून भजनी मंडळी म्हणत. स्वतःच रचलेलं पद वाचून कशाला घ्यायचं, असं तुम्ही विचाराल. तर बुवांची एक खोड होती. पद एकदा माझ्यात उतरलं की ते मनातून पुसून टाकत. मेलेल्याचं पद जित्याच्या तोंडात घोळू नये, असं त्यांच्या चुलत्यांनी शिकवलं होतं. खरोखरच दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्यांना शब्द आठवत नसे. आणि बाडात जे लिहिलं ते तिरडीपाशी बदलायचं नाही, हाही नियमच. म्हणून वाचणारा जे वाचील ते बुवा डोळे मिटून गात. हे नीट ध्यानात ठेवा.

आधी कोंडिबा गुरव लिहीत. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते वारले तेव्हा त्यांच्याच पदाला लिहिणारा उरला नाही. तेव्हा बुवांच्या बायकोनं, केशरबाईनं, पदर खोचला.

"म्या शिकते लिवायला," ती म्हणाली.

चाळिशीची बाई. मूलबाळ नाही, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. बलभीम गुरुजी बौद्ध वस्तीत समाजमंदिराच्या ओसरीवर दिवस मावळताना मोठ्या माणसांचा वर्ग घेत. केशरबाई तिथं जाऊन बसू लागली. गुरुजींची थोरली बहीण जाईबाई हीसुद्धा त्याच वर्गात. दोघी एका पाटीवर शिकल्या. गावात कुजबुज झाली. ही त्या वस्तीत जाते काय, म्हातारपणी हिला चळ लागला काय. एकदा पाणवठ्यावर कुणीतरी तोंडावरच विचारलं तेव्हा केशरबाई म्हणाली, "मसणात न्यायचं बाड लिवायला शिकते बाई. तुजं बी मलाच लिवावं लागंल, तवा जरा बेतानं बोल." त्या दिवसापासून कुजबुज बंद झाली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस. दुपारी ओट्यावर बुवा डोळे मिटून ओळी जुळवत, केशरबाई मांडीवर मला घेऊन, शाईच्या पेन्सिलीचं टोक जिभेला लावून लिही. तिचं अक्षर मोठं, उजवीकडे झुकलेलं. तिचा 'र' खुरप्यासारखा. दोघांची भांडणंही माझ्यावरच चालत. बंडप्पा वारला तेव्हाचं सांगतो. बंडप्पा म्हणजे गावातला सगळ्यात भांडखोर माणूस. बुवा म्हणाले, त्याचं काय लिहायचं, तो देवभक्त होता असं लिहू.

"व्हय? कोणच्या देवाचा?" केशरबाईनं पेन्सिल खाली ठेवली. "जलमभर शेजाऱ्याचा बांध कोरला त्यानं. ते लिवा."

"अगं, मेलेल्या माणसाचं असं लिवत्यात का?"

"खरं लिवायचं म्हणता न्हवं? का खरं निसतं गोरगरिबांचं लिवायचं?"

दोन घटका वाद झाला आणि शेवटी दोघांनी मिळून जे केलं ते असं:

बांधावरी भांडे । बंडप्पा रोजाने ।
आता बांध सुने । त्याच्याविना ॥

हे म्हटलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं रडला तो बांधाचा शेजारी. लोक म्हणाले, वा बुवा. केशरबाईला कुणी काही म्हटलं नाही, आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नाही. माझ्यातल्या कितीतरी ओळी तिच्या आहेत. मी सोडून ते कुणाला माहीत नव्हतं.

मग बहात्तर साल आलं. त्याच्या आधीच्या वर्षी पीक गेलं होतं, त्या वर्षी पेरणीच गेली. तेरणेच्या पात्रात झरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायची पाळी आली. उपाशी मरण्यापेक्षा बरं म्हणून बुवांनी बैल ज्याला न्यायचा त्याला देऊन टाकला. रेशनवर मिलो ही परदेशी लाल ज्वारी येई. त्याची भाकरी थापताना फुटे आणि खाताना घशाला घासे. गावाबाहेर सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं. बाया-बाप्ये सगळे खडी फोडायला जाऊ लागले. तात्याराव पाटलांच्या सुनासुद्धा डोक्यावरून पदर ओढून त्या रांगेत बसल्या.

बुवा गेले नाहीत.

खडीची धूळ गळ्याला लागेल, असं ते म्हणाले. गावानंही मान डोलावली. "बुवाचा गळा गेला तर आपल्याला पोचवायचं कुनी?" असं तात्यारावच म्हणाले. मला या गोष्टीचा तेव्हाही राग आला होता आणि अजूनही आहे. बुवा वाईट माणूस नव्हते. पण गळ्याला फार जपलं की माणसाचे कान जातात, एवढं मी पाहिलं आहे. पूर्वी सुगीत लोक खळ्यावरून बुवांना पायली-दोन पायली ज्वारी देत. आता खळीच नव्हती. आणि ज्या घरी मयत झाली त्या घरचं पाणीसुद्धा पद म्हणणाऱ्यानं घ्यायचं नाही, ही रीत. मयती मात्र वाढत होत्या. आधी म्हातारी माणसं गेली, मग तान्ही लेकरं गेली. बुवा रोज गात आणि रिकाम्या पोटी घरी येत.

खडीवर केशरबाई आणि जाईबाई शेजारी शेजारी बसत. दुपारी कामावर सुकडी वाटत. पिवळसर, गोडसर पिठाची ती पुडी दुष्काळात लाखो माणसांनी खाल्ली. केशरबाई संध्याकाळी पुडी पदराच्या गाठीत बांधून आणी आणि बुवांच्या पुढ्यात सोडी.

"तू खाल्लीस?"

"तिथंच खाल्ली की. ही तुमची."

"दोन दोन देत्यात व्हय?"

"देत्यात. खावा गुमान. उद्या शिवप्पाच्या आईचं पद हाय, गळ्यात आवाज नगं का?"

बुवा खात. ती चुलीपुढं पाठ करून बसे आणि तांब्याभर पाणी पिई. मी वर फळीवर होतो. मी सगळं पाहत होतो. पण मित्रांनो, बाडाला पानं असतात, तोंड नसतं.

असं एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पाच महिने चाललं.

माघाच्या सुमारास केशरबाईच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. डोळे खोल गेले. एकदा खडीवरच भोवळ येऊन पडली. जाईबाईनं तिला घरी आणून सोडलं. बुवा तिला घेऊन उमरग्याला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, अंगात रक्त नाही, हिला पोटभर खायला घाला. बुवा हात जोडून म्हणाले, "खाती की साहेब. कामावर रोज खाती. खाल्लेलं अंगी लागत न्हाय." केशरबाई तिथंच बाकावर बसली होती. तिनं वर सरकलेल्या बांगड्या पदराखाली झाकल्या. गावातही मग सगळे हेच म्हणू लागले. खाल्लेलं अंगी लागत नाही. किती सोयीचं वाक्य आहे हे! एकदा ते म्हटलं की पुढं काही पाहावं लागत नाही.

ती खाटेला खिळली नाही. दोन दिवस पडे, तिसऱ्या दिवशी पुन्हा खडीवर जाई. पण बुवांना कळून चुकलं होतं की ही फार दिवस काढणार नाही. एके दिवशी ती कामावर गेली असताना त्यांनी मला काखेत मारलं आणि शाळेत बलभीम गुरुजींकडे गेले. जेवणाची सुट्टी होती. वर्ग रिकामा होता.

"गुरुजी, येक पद लिवून घ्या."

"कोण वारलं?"

बुवांनी मला शेवटच्या पानाशी उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. मग म्हणाले, "केशरचं हाय."

गुरुजी उभेच राहिले. "बुवा, जित्या माणसाचं पद?"

"दोन म्हैन्यांत सोळा पदं केली म्या. आता आतलं सगळं आटत चाललंय. ती गेल्यावर मला येक अक्षर सुचायचं न्हाय, मला ठावं हाय. समद्या गावाला पोचवलं, आन् माजीच बायकू पदाबिगर न्यायची का? आज सुचलंय तर लिवून घ्या, गुरुजी. तुमच्या पाया पडतो."

तिच्यावर त्यांचा जीव होता. ते मी माझ्या पानांवरून सांगू शकतो; तिथं त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, त्याचा डाग अजून आहे. पण हे काम असं आहे की ते करता करता माणूस जितेपणी माणसाला पोचवायला लागतो. बुवांचं तसं झालं. तिला वाचवायचं कसं हे त्यांना सुचलं नाही. तिचं पद मात्र सुचलं.

"आमच्यात पदं नसतात बुवा, आम्ही वंदना म्हणतो," गुरुजी हळूच म्हणाले. "पण तुमच्यासाठी लिहितो." आणि माझ्या अगदी शेवटच्या पानावर त्यांनी टपोऱ्या, सरळ अक्षरात लिहिलं:

जन्मात केशर । बोलली ना खोटे ।
व्यंकटासी वाटे । धन्य झालो ॥

घरी येईपर्यंत बुवा रिवाजाप्रमाणे ते विसरूनही गेले. एवढं फक्त मनात राहिलं की पद तयार आहे. मला फळीवर ठेवलं आणि झोपी गेलेल्या माणसासारखे शांत झाले.

पुढच्याच आठवड्यात इरम्मा म्हातारी गेली. पद लिहायचं होतं. केशरबाईला ताप होता तरी ती भिंतीला टेकून बसली आणि मला मांडीवर घेतलं. बुवा बाहेर पाय धुवत होते. कोरं पान शोधता शोधता तिनं मला शेवटापासून उघडलं.

नऊ वर्षांत माझ्यात तिचं आणि कोंडिबाचं सोडून तिसरं अक्षर नव्हतं. तिनं ते ओळखलं. त्याच अक्षरावरून तर ती गिरवायला शिकली होती. तिनं ओळीखाली बोट धरलं आणि एकेक शब्द लावून वाचलं. स्वतःचं नाव आल्यावर बोट थांबलं. मग पुढं सरकलं. 'बोलली ना खोटे' या शब्दांवर ते परत परत फिरलं. तिचं बोट किती कढत होतं ते मला अजून आठवतं.

बुवा आत आले. तिनं मला मिटलं.

"अवं," ती म्हणाली, "माजं पद कधी लिवायचं?"

"काहीबाही बोलू नगंस."

"लिवलं का काय?"

"न्हाय," बुवा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले.

"तुमाला खोटं बोलता येत न्हाय," ती जराशी हसली. "बरं, लिवाल तवा खरं लिवा. माज्याबद्दल खरं काय ते ठावं हाय का तुमाला?"

"हाय की. तू कधी खोटं बोलली न्हाईस."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता सांगेल. मी माझ्या सगळ्या पानांनिशी वाट पाहिली. अजून वेळ होता, मित्रांनो. एक शब्द बोलली असती तर त्या दिवसापासून सुकडीची अर्धी अर्धी झाली असती. तिनंही कदाचित वाट पाहिली असेल, की हा एकदा तरी माझ्या मनगटाकडं बघेल आणि विचारेल. बुवा इरम्माचं कडवं गुणगुणू लागले.

"मंग झालं," केशरबाई म्हणाली.

इरम्माचं पद लिहून झाल्यावर बुवा मंडळी जमवायला गेले. ती पुन्हा मला उघडून बसली. शेवटच्या पानावरच्या 'जन्मात केशर' एवढ्या दोनच शब्दांना तिनं हात लावला नाही. त्यापुढच्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावून खाली लिहिलं.  नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

चैत्र सरता सरता ती गेली. दुपारी चुलीपुढं बसली होती, तशीच कलंडली. पदराच्या गाठीत सुकडीची पुडी होती.

तिरडी विसाव्यावर टेकली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. खडीचं काम त्या दिवशी बंद ठेवलं होतं, त्यामुळं कामावरच्या सगळ्या बाया आल्या होत्या. बौद्ध वस्तीतली माणसं जरा अंतर ठेवून उभी होती. आता वाचणार कोण? वाचणारीच तिरडीवर होती. बुवांनी गुरुजींना हाक मारली. दोघाचौघांनी एकमेकांकडं पाहिलं, पण तात्याराव म्हणाले, "येऊ द्या." गुरुजी पुढं आले आणि त्यांनी मला दोन्ही तळहातांवर धरलं.

पहिलं कडवं झालं. बुवांचा आवाज त्या दिवशी असा लागला की काय सांगू. गुरुजींनी शेवटचं पान उघडलं आणि ते थबकले.

"वाचा गुरुजी," बुवा म्हणाले. डोळे मिटलेले होते.

गुरुजींना स्वतःच्या हातच्या ओळी रेघेखालूनही स्पष्ट दिसत होत्या. त्या वाचल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. बुवा धन्य झाले असते. पण बाडात जे लिहिलं ते तिरडीपाशी बदलायचं नाही. आणि ती रेघ त्यांच्या विद्यार्थिनीनं मारलेली होती. त्यांनी खालचं, वाकडं अक्षर वाचलं.

"जन्मात केशर, एक बोले खोटे."

बुवांनी ओळ उचलली. गळा उंच गेला, मंडळींनी मागून म्हटली. शब्दांचा अर्थ अजून कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता.

"जेवले मी तेथे," गुरुजींनी वाचलं. आणि हळूच, "म्हणे रोज."

"जेवले मी तेथे," बुवांनी गायलं, आणि आवाज तुटला. डोळे उघडले. ते गुरुजींकडं पाहू लागले, मग माझ्याकडं, मग तिरडीकडं. सुताच्या दोरीनं बांधलेलं ते एवढंसं अंग. मंडळींचे टाळ थांबले.

"गुरुजी, ह्ये काय वाचलं?"

गुरुजींनी मान खाली घातली. तेव्हा मागून जाईबाई पुढं आली. विसाव्यापाशी येऊन उभी राहिली.

"येकच मिळत हुती, बुवा," ती म्हणाली. "माणशी येकच पुडी. आमी समद्या तिथं बसून खायाचो. ती पदराला बांधायची. म्या लई बोलले तिला. माज्यातली चिमूटभर घ्यायची, जास्त न्हाय."

 पद अर्धं राहिलं होतं, 'म्हणे रोज' हे दोन शब्द राहिले होते, आणि ते म्हटल्याशिवाय तिरडी उचलता येत नव्हती. बुवांचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. मंडळी बुवांकडं बघत होती. ऊन वाढत होतं.  शेवटी जाईबाईनंच ते दोन शब्द म्हटले. चालीत नाही, साध्या आवाजात. मग तिच्या मागून खडीवरच्या साऱ्या बायांनी म्हटले. आमच्या विसाव्यावर त्याआधी बायकांनी कधी गायलं नव्हतं.

म्हणे रोज.

तिरडी उचलली. खांदेकरी पुढं सांगत, की तिला वजनच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा खडीवर गेले आणि केशरबाईच्या जागेवर बसून हातोडी उचलली. तोंडाला फडकं बांधा असं लोकांनी सांगितलं, त्यांनी बांधलं नाही. दिवाळीपर्यंत गळा पुरता गेला. पदासाठी कुणी आलं की ते नुसता हात हलवत. मला त्यांनी गुरुजींच्या हवाली केलं. "हितं तुमचं आन् तिचं अक्षर हाय. माजं काय न्हाय ह्यात," असं त्या फाटक्या आवाजात म्हणाले.

पुढं चांगले दिवसही आले. गावात सहकारी दूध सोसायटी निघाली, तिथं बुवांना माप घालायच्या कामावर ठेवलं. बायका चरवी घेऊन येत. बुवा माप भरण्याआधी प्रत्येकीला विचारत, "घरी किती ठिवलं?" ती म्हणे, ठेवलं की बुवा. मग ते चरवीत नाही, तिच्या तोंडाकडं निरखून पाहत. संशय आला तर ओंजळभर दूध परत तिच्याच भांड्यात ओतत आणि म्हणत, "ह्ये तू पी. हितं, माज्यासमूर." तरण्या सुना पदराआड हसत. म्हातारा चक्रम आहे म्हणत. जाईबाई रांगेत असली की ती हसत नसे.

मग तेरणेवरच्या धरणाची भिंत बांधून झाली. गाव उठून वर माळावर वसलं आणि विसाव्याचा काळा दगड पाण्याखाली गेला. शहाऐंशी साली बुवा वारले. नव्या गावात सिमेंटचा ओटा बांधला होता, त्यावर तिरडी टेकवली. गुरुजी तेव्हा निवृत्त झाले होते. ते मला घेऊन आले होते, पण माझ्यात बुवांचं पद नव्हतं. त्यांच्याबद्दलची एक खरी गोष्ट काय, ते तिथं जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून कुणी बोललं नाही. घटकाभरानं तिरडी तशीच उचलली.

मित्रांनो, तेव्हापासून मी या शाळेच्या लोखंडी कपाटात, फाटक्या नकाशांच्या खाली पडून आहे. सोमलिंगच्या मोरचुदाची ताकद आता संपत आली. आम्हा जुन्या वस्तूंना शेवटी एक विनवणी करायची असते, की आम्हाला जपा, ऊन दाखवा, नवं कापड चढवा. ते तुम्हाला जमलं तर करा. नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. पानं कधीतरी जायचीच.

पण आज घरी गेल्यावर एक करा. सगळ्यांना वाढून झाल्यावर जी कुणी चुलीकडं तोंड करून बसते, तिला 'जेवलीस का?' असं विचारू नका. ती 'व्हय' म्हणेल. तुम्ही उठा, आणि तिचं ताट बघा.